पेन्शनसाठी एकट्याचा फोटो

संगमनेर, मंगळवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९९६

शांता गेल्यावर लेकीकडं राहायला आलो, म्हणून आज श्रीरामपूरची पेन्शन इथल्या बँकेत आणायला गेलो. बदलीचे काही पैसे कापतात का, विचारलं. "काही न्हाई, फक्त फोटो द्या," क्लार्क म्हणाला. मी आमचा जोडीचा दिला. पेन्शनच्या कागदांवर तोच तर होता. "हा न्हाई चालायचा, बाबा. एकट्याचा आना."

कशाला बदलायला निघालो मी? तिथं कागदावर तरी ती शेजारी होती.

स्टुडिओत बाकड्यावर बसलो. "बाबा, मधी सरका," फोटोवाला म्हणाला. सरकलो. कॅमेऱ्यात बघून पुन्हा म्हणाला, "बाबा, मधी."

खाली बघितलं. मी परत कडेलाच बसलो होतो, शांताची जागा सोडून.