आंब्यावरचं बांडगूळ

सायवन, ९ मार्च २०१७

आज शकूचं तेरावं झालं. भाऊ म्हणाला, "दादा, आता तरी आंब्यावरचं बांडगूळ काप. फांदी वाळली." दरवर्षी मोहोराआधी कापतोच मी. तीस वर्षांच्या संसारात यंदा पहिल्यांदाच तिनं अडवलं. परदेशात बांडगुळाच्या अर्कावर कॅन्सरसाठी संशोधन चाललंय, असं तिनं पेपरात वाचलं होतं. डॉक्टर मला म्हणाले, "ती जात वेगळी. त्यानं गाठ जाते असं सिद्धही झालेलं नाही. काढा पाजू नका." काढा पाजला नाही, पण तिला हे सांगितलंही नाही. सांगायला हवं होतं का? खाटेवरून रोज विचारायची, "अहो, आहे ना अजून?" मी म्हणायचो, "आहे."

मघाशी कोयता घेऊन चढलो आणि तसाच उतरलो. आहे गं. हिरवंगार आहे.