संगमाच्या पायऱ्या

२ नोव्हेंबर, रविवार

आज मठाच्या हॉलात सभा. म्हाताऱ्यांच्या डॉक्टरांची एक संघटना आहे गुलबर्ग्यात, तिची शाखा आता आळंदला निघाली. खरं नाव भलतंच लांब — पुरं म्हणेपर्यंत माणूस आणखी म्हातारा व्हायचा! सुधारानी डॉक्टर सेक्रेटरी. बोलतात गोड, मला अप्पा, माझ्या बायकोला, निलम्माला, अव्वा. महिन्यातून एक रविवार शिबिर. पडू नये म्हणून चालायचे व्यायाम, आणि ज्यांना विसरायला होतं त्यांची तपासणी.

निलम्मा अलीकडं फार विसरते, त्यामुळं तपासणी नकोच वाटली. तरी सिद्धेश्वरला फोनवर सांगून बसलो — मुलगाच तो. बंगळूरहून लगेच उत्तर आलं, “अव्वाला तो विसरायचा आजार निघाला तर मी तिला इकडं घेऊन येतो. तुमाला एकट्याला झेपणार न्हाई.” मी अडतीचं दुकान सोडून जाणार कुठं? आणि ती गेली तर घरात माझ्याशी भांडायलाही कुणी उरणार नाही.

५ नोव्हेंबर

दिवेलागणीला कट्ट्यावर बसली की तिचे डोळे भलतीकडं लागतात. रोज एकच विचारते — संगमाला कधी जायचं?

लग्न झालं तेव्हा कबूल केलं होतं, कूडलसंगमाला नेईन म्हणून. मग तूर आली, मग उडीद, मग पोराचं शिक्षण, मग परत तूर. अडत्याला सुट्टी कसली! मागच्या वर्षी एकदा फार रडायला लागली, तेव्हा बोलून गेलो, “गेलो की आपण. विसरलीस व्हय?” डोळे पुसले. हसली. तेव्हापासून रोज सांगतो.

आजही सांगितलं. कृष्णा आणि मलप्रभा कशा एकमेकींत शिरतात. पाण्यात विहिरीसारखं खोल बांधलेलं, पायऱ्याच पायऱ्या. तळाशी बसवण्णांची समाधी, अंगाला गारवा, भिंतीपलीकडं नदी. पायरीवर तू थबकलीस, मी हात धरला. वर आलो तर ऊन पिवळं झालेलं, तुझा पदर ओला. सांगता सांगता मलाच वाटायला लागतं, गेलो होतो. आमच्या मुनीमानं, काशप्पानं, जाऊन आल्यावर चार गोष्टी सांगितल्या होत्या, त्यावर एवढं सगळं उभं केलंय मी!

९ नोव्हेंबर

युक्ती सुचली. सभेत शेजारच्या राघोबाला पुढं बसवून डॉक्टरांनी तपासणीचा नमुना दाखवला होता. पाच शब्द सांगतात, थोड्या वेळानं विचारतात. चंदन, घागर, बैल, आरसा, चिंच. मग करून घेऊ की पाठ! भाजी निवडताना, वेणी घालताना. नापास कामून व्हायचं?

१४ नोव्हेंबर

चिंच राहते. बाकी येतात.

१५ नोव्हेंबर

चिंच आली!

२३ नोव्हेंबर, रविवार

शिबिर. डॉक्टरांनी शब्द सांगितले — वेगळेच! दर वेळी बदलतात म्हणे. थोड्या वेळानं विचारलं तर निलम्मा ताठ बसली आणि घडाघडा म्हणाली, चंदन, घागर, बैल, आरसा, चिंच. चिंचेला तर माझ्याकडं बघून हसली.

मग डॉक्टर माझ्याकडं बघायला लागल्या. मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता रागावतील, आणि ही चालली बंगळूरला. त्यांनी एवढंच विचारलं, हे शिकवलं कधी? दोन आठवडे होत आले, म्हणालो.

“मग नवीन शिकलेलं टिकायलंय की अप्पा. त्या आजारात असं सहसा टिकत न्हाई. दुसरंच काहीतरी असंल. पिशवी कुठाय?”

संघटनेचा नियम आहे, घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून आणायची. टेबलावर ओतली. त्यात झोपेची गोळी निघाली. तिची बहीण शरणम्मा वारली तेव्हा झोप येईना, म्हणून थोड्या दिवसांसाठी दिलेली. थोड्या दिवसांची चार वर्षं झाली. अर्धीची अख्खी मीच केली. डॉक्टर म्हणाल्या, विसरायला या गोळीनंच होत असणार; पण एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करू.

रोज मीच तिच्या तळहातावर ठेवत होतो ती गोळी. मायेनं. लिहिताना फार वाईट वाटतंय.

१२ डिसेंबर

पाव गोळीवर आली. आज मी आणलेली वांगी किडकी निघाली, त्यावरून मला फैलावर घेतलं. किती दिवसांनी बोलणी खाल्ली! जेवण गोड लागलं.

२८ डिसेंबर, रविवार

शाखेची बैठक. डॉक्टरांनी तिला परत तपासलं. शब्द नवे, पाठ केलेले नाहीत — एक राहिला, बाकी आले. त्यांनीच सिद्धेश्वरला फोन लावून सांगितलं, अव्वा इथंच बऱ्या आहेत. गुलबर्ग्याच्या वार्षिक संमेलनात आमची शाखा औषधांच्या पिशव्यांवर बोलणार. निलम्माची गोष्ट सांगणार, नाव न घेता. ती म्हणाली, नाव घ्या की, मी काय चोरी केली?

२ जानेवारी

कट्ट्यावर बसलो. तिनं संगमाचं विचारलं नाही. बरेच दिवस विचारलं नाही. बरी झाली — आता माझं खोटं उघडं पडणार, ही धास्ती एक. दुसरं म्हणजे, मलाच त्या पायऱ्यांवर जावंसं वाटतं रोज संध्याकाळी. दुकानात तुरीची आवक सुरू झाली. काट्याकडं बघता बघता मला पाणीच दिसायला लागतं. काशप्पा हाका मारतो तेव्हा भान येतं.

६ जानेवारी

आज तिनंच काढलं. “संगमाला आपण गेलोच न्हाई. मला ठाऊक हुतं.”

कसं, म्हणालो.

“तुमी सांगताव, पायरीवर माझा हात धरला. चार माणसांत आजवर कधी धरलाव हात? तवाच कळलं. पण ऐकून बरं वाटायचं, म्हून रोज विचारायची.”

७ जानेवारी

ऐन तुरीचा बाजार. चाव्या काशप्पाला दिल्या. उद्या सकाळची बस. तिनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून ठेवलीय. हात धरायचा — समाधीच्या पायरीवर नाही, इथं आळंदच्या स्टँडवरच. गाव बघंल. बघू दे.