तीन नंबरची डबी

४ नोव्हें. २००७, रवि. निमगाव सावा.
आठही डब्या लागल्या. माझ्या काकांची, तात्यांची, द्राक्षबाग, हौदापासून थेट ओढ्यापर्यंत. डब्या काकूच्याच, चटणीच्या, प्लास्टिकच्या. आतलं यंत्र माझं. डबी मातीतली ओल मोजते, रेडिओवरून पुढच्या डबीला सांगते, ती तिच्या पुढचीला. शेवटी सगळं हौदाजवळच्या ३ नंबरकडे आणि तिच्याकडून घरातल्या मोठ्या डब्यात. तो बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलाय. दर रविवारी येऊन आकडे उतरवून घ्यायचे.
प्रत्येकीत दोन पेन्सिल सेल. माझ्या गाईड सरांची अट: त्याच सेलवर साठ दिवस. एक जरी डबी आधी मेली तर प्रबंध या वर्षी नाही. दोनदा हुकलंय. कॉलेजात मुलांना शिकवते आणि स्वतःचीच एम.ई. लोंबकळतेय.
मोजायला बॅटरी फारशी लागत नाही, बोलायला लागते. म्हणून माझा नियम: ओल बदलली तरच बोला, नाहीतर झोपा. गप्प म्हणजे सगळं ठीक. जवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीलाही आसपास रेडिओची बडबड नकोच असते.
काकू : "झोपून काम करत्यात व्हय? मला बी लाव की तसल्या कामाला."

१८ नोव्हें., रवि. दिवस १४.
सेल भलतेच उतरलेत. लांबच्या ५ ते ८ तर फारच. असं व्हायला नको. दिवसभर बागेत बसून ऐकलं. सगळ्या शहाण्यासारख्या बोलतात, झोपतात. काहीच चूक नाही. ३ नंबर दुसऱ्यांचं पुढे देते, स्वतःचं काही नाही, पण तिथं हौदाची ओल कायमची, ती गप्पच असणार.
ढगाळ हवा. तात्या डाऊनी रोगाच्या धास्तीनं एक दिवसाआड फवारतायत.

२५ नोव्हें., रवि. दिवस २१.
तेच. आज परत सगळं ठाकठीक आणि सेल मात्र आणखी खाली. या उताराने चाळीस दिवससुद्धा जाणार नाहीत. प्रोग्रॅम चार वेळा चाळला. निरोप कुणाच्या हातून आला ते मी नोंदवतच नाही, तेवढीच बॅटरी वाचते म्हणून. काटकसर नडली बहुतेक.
सरांना फोन केला. म्हणाले, नवे सेल घाला, कोण बघतंय. मी ऐटीत नको म्हणाले. फोन ठेवला आणि पस्तावले.

२८ नोव्हें., बुध. दिवस २४.
प्रॅक्टिकल रद्द झालं, न सांगता गेले. ३ नंबर जागेवर नाही! नुसती काठी. चोरीच, म्हणून घराकडे धावले. काकूनं शांतपणे बाजरीची पत्र्याची कोठी उघडली. आत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली डबी.
हौदावर औषध कालवतात, ते डबीवर उडतं. म्हणून काकू सोमवारी काढून आत ठेवायची आणि शनिवारी जागेवर लावायची. "रैवारी तू येतीस. तुझी वस्तू जागंवर नगं का?"
म्हणजे मी बघते तेव्हाच सगळं बरोबर. बाकी दिवस पत्र्याच्या कोठीतून कसला रेडिओ ऐकू येतोय! मधला दुवा तुटला की पलीकडच्या डब्या उत्तर नाही म्हणून आवाज चढवतात, परत परत तेच सांगतात. सेल त्यातच गेले.
मी फार बोलले. बोलू नये ते बोलले. काकू हात पुसत उभी राहिली. मग एवढंच म्हणाली, "त्या औषधानं माणसाचं डोळं जळत्यात, वैशे. मला वाटलं तुझं जपावं. पण ती सा-सा दिस गप व्हती, तुला कायच वाटलं न्हाई?"

३० नोव्हें., शुक्र. मंचर, खोलीवर.
नाही वाटलं. गप्प म्हणजे ठीक, हे मीच ठरवलं होतं. मेलेली डबी आणि सुखी डबी माझ्या वहीत सारख्याच. निघताना काकू असंही म्हणाली, "तू बी तसलीच. आट-आट दिस फोन न्हाई." मी म्हटलं, विशेष काही नसलं तर कशाला करायचा.
लाज वाटतेय.

२ डिसें., रवि. दिवस २८.
सेल तेच, प्रोग्रॅम बदलला. आता प्रत्येक डबी दिवसातून एकदा एकच शब्द बोलणार: आहे. बॅटरी खाणार, खाऊ दे. औषध उडू नये म्हणून ३ नंबरला आता पत्र्याच्या कोठीऐवजी प्लास्टिकची टोपी. काकूनंच दुधाच्या पिशवीची करून दिली. माफी मागितली. "ऱ्हाऊ दे, जेव आधी."
आणखी एक ठरलं. रोज संध्याकाळी ६ला काकूचा एक मिस्ड कॉल : ३ नंबर जागेवर आहे.

१६ डिसें., रवि. दिवस ४२.
आठही जिवंत. ७ नंबरचे सेल मात्र संपत आलेत. कॉल एकदाही चुकला नाही. सहा वाजले की हात आपोआप फोनकडे जातो. परवा काही कारण नसताना मीही एक देऊन ठेवला.
कोठीचं प्रकरण प्रबंधात लिहिणार. सर म्हणतात, ३ नंबर बिघडली होती असं लिहा. ती बिघडली नव्हती.

३१ डिसें., सोम. दिवस ५७.
तीन दिवस राहिले. काल ७ नंबर 'आहे' म्हणाली, पण अगदी काठावर.
आज ६ला काहीच नाही. ६.२० ला मिस्ड कॉल आला. लगेच दुसरा.
दोनचा अर्थ आम्ही ठरवलाच नव्हता.
लावला तर संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तात्यांचाही तोच फोन.
आधी मनात ७ नंबर आली, काकू नंतर. खरं आहे म्हणून लिहून ठेवते.
नारायणगावची एसटी सव्वासातला आहे. सोबत नवे सेल घेतलेले नाहीत. निघते.