फाट्यावरचा वळसा

सोमवार, ६ जानेवारी

भक्तीनं गाडी चालू केली! ह्यांचीच मोटारसायकल. सात वर्षं गोठ्यात ताडपत्रीखाली होती. आवाज आला अन् मी चुलीपासून उठलेच, हे आले म्हणून. मग ध्यानात आलं.

नातीनं मोटारसायकल चालवायची, आमच्या घरात! लय आनंद झाला. ही वही बी तिनंच दिली. म्हणली, "आजी, तुझं तिसरीचं शिकणं वाया जायलंय, लिही."

बुधवार, ८ जानेवारी

पिंपळाच्या पाराभोवती शिकायलीय. परमेश्वर मागं पळतोय, पन्नाशीला आलेला माझा पोरगा, धोतर असतं तर सुटलं असतं! मी म्हणलं, पार उजव्या हाताला ठेव, परदक्षिणा घालतो तसं. भक्ती हसली — "आजी, रस्त्यावरच्या गोलाचा कायदा हाच हाय! अन् उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं." म्हणजे देवळात फिरून फिरून मला कायदा येतच होता की!

परमेश्वर तिला म्हणला, "आजोबासारखी उलटी परदक्षिणा घालू नको, बस्स."

मी आत गेले. शेंगा फोडत बसले. वाटीभर झाल्यावर कळलं, टरफलंच वाटीत टाकायले मी.

शनिवार, ११ जानेवारी

भक्ती आज फाट्यावरच्या गोलात फिरली. मी भुजंगच्या चहाच्या टपरीवर बसून बघत होते. गोलात कारंजं हाय, पाणी कधीच न्हाई. आमच्या गावाकडून आलं की यस्टीचा थांबा उजव्या हाताला, हाकेवर. पण कायद्यानं सगळा गोल फिरून तिकडं जायचं. लोक फिरत न्हाईत, सरळ उजवीकडं घुसतात. त्याला म्हणतात महादेवाची घालणं — महादेवाला परदक्षिणा अर्धीच, अर्ध्यातून माघारी.

भुजंग ओरडला, "ए ताई, माणिकरावांची नात ना तू? महादेवाची घालू नको बरं!" समदे हसले. परमेश्वर न्हाई हसला.

हे असे नव्हते. गाडी चालवायची तर बैलगाडीच्या चालीनं! मी मागून चिडायचे, ते ऐकतील तर शपथ. आता गावाला त्यांची आठवण येते ती अशी. सात वर्षांमागं ह्याच गोलात उलटे घुसले अन् उसाच्या ट्रॉलीखाली गेले ते. मी मागं होते, गवतात फेकले गेले. कोपराला एवढासा वण.

चहा निवून गेला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ह्यांच्या फोटोपुढं तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हणवलं न्हाई.

सोमवार, २० जानेवारी

पास! परभणीला परीक्षा झाली. आठाचा आकडा काढायला लावला, पोरीनं पाय टेकला न्हाई! घरोघर पेढे वाटले. सरजाबाई म्हणली, "आजोबावर न्हाई गेली, बरं झालं." पेढा तिच्या हातातून काढून घ्यावा वाटला. घेतला न्हाई. काय तोंडानं घेणार?

रविवार, २ फेब्रुवारी

लायसन आलं! पहिली सवारी माझी. गंगाखेडला बहिणीकडं जायचं होतं, फाट्यापर्यंत सोडते म्हणली. माझ्या डोक्यावर हेल्मेट — आरशात बघून लय हसले.

गोल आला अन् थांब्यावरची यस्टी हलली. माझ्या तोंडातून निघालं, "अगं घाल उलटी! चालली बस!" खांदा बी ओढला तिचा.

पोरीनं गाडी थांबवली. उजवीकडून उसाची ट्रॉली आली, उसाची टोकं रस्त्याला घासत. गेली. भक्ती म्हणली, "आजी, मागं बसणारानं गाडी चालवायची न्हाई." सगळा गोल फिरून थांब्यावर आली. यस्टी गेली होती. दुसरी तासाभरानं आली, एवढंच.

तो तास मी थांब्यावर हेल्मेट बी न काढता बसले. भक्ती म्हणली, "भ्यालीस व्हय?" गोलात माझ्या तोंडातून निघालेले शब्द तेच होते. सात वर्षांनी बी तेच.

सोमवार, ३ फेब्रुवारी

परमेश्वरला बसवून सांगितलं. त्या दिवशी हे सगळा वळसाच घालायले होते. उलटी घाला म्हणले ती मी. जन्मात एकदाच ऐकलं त्यांनी माझं.