नळीवरचा बाण

तीर्थस्वरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनातच.) तुझे गुडघे कसे आहेत? माझा फोन उचलत नाहीस आणि "माझ्या हातून पोरीच्या कामाचं वाटोळं झालं" असं शेजारणीला सांगत फिरतेस, हे कानावर आलं, म्हणून हे पत्र.

आमच्या प्रयोगशाळेचा फ्रिज बंद पडला, म्हणून तुझ्या घरामागच्या, भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणातून काढलेली चिखलाची हातभर नळी मी तुझ्याकडे ठेवली आणि तू (स्वच्छतेत तुझा हात कोण धरणार?) ती घासूनपुसून दुधाशेजारी लख्ख उभी केलीस. परत नेली तर वरची बाजू दाखवणारा बाण गायब! आता या चिखलात डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक कवचं असतात. खाजणातले जीव वाळूचे कण चिकटवून घर बांधतात, उघड्या समुद्राकडचे चुन्याचं. नळीच्या एका टोकाला वाळूची घरं, दुसऱ्या टोकाला चुन्याची. वाळूवाली वर असतील तर समुद्राच्या जागी खाजण उभं राहिलं. खाली असतील तर खाजण बुडालं. आणि बुडालं म्हटलं की वाचवायला काही उरलंच नाही, म्हणजे सोमवारी खाजणाचा निर्णय घेणारी समिती ते बुजवून तिथे ट्रक उभे करायला मोकळी. मोठ्या बाईंनी (आमच्या प्रमुख) नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या गं!

नऊ दिवस डोकं खाजवलं. गवताची मुळं कुठल्या टोकाला ते पाहावं तर मेली दोन्ही टोकांना निघाली. मग प्रयोगशाळेतला एक रंग आठवला. जिवंत जीव त्यात गुलाबी होतात, रिकामी कवचं कोरीच राहतात, आणि जिवंत असणार ते वरच्याच थरात. दोन्हीकडचा चिमूटभर चिखल भिजवला (शिंक दाबून, एका शिंकेत शेकडो वर्षांचा गाळ उडून जातो). सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर चुन्याची घरं पांढरीफटक. वाळूच्या घरांत मात्र गुलाबी ठिपके, एक नाही, एकोणचाळीस! मी ओरडलेच. आत्या, तुझं खाजण जिवंत आहे! बाईंनी अहवालावर सही केली. समितीचं काही सांगता येत नाही, पण मला तरी आशा वाटते.

तुझीच,
भाची

ता. क. काल नळी काढतानाचे फोटो पाहिले. बाण कुठेच नाही. मीच काढायला विसरले होते. तू पुसलास तो नुसता चिखल. बाईंना सांगितलं (या वेळी त्या बोलल्या, पुष्कळ बोलल्या). तुला तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. तीन आठवडे तुला उगाच रडवलं, माफ कर.

आणखी एक ता. क. शनिवारी दुसरी नळी आणतेय. दुधाशेजारी जागा करशील?