उजव्या हाताचं चाक

ता. ९, सोमवार, जेवणाची सुट्टी

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जास्त चालतं, म्हणजे तब्येत ठीक समजावी. तुम्ही डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना?

आपली विनाशिका पुढच्या महिन्यात भंगारात निघते आहे. गोदी तिचा इतिहास छापणार आहे. अक्षर नेटकं म्हणून स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. शाळा आठवीत सुटली, तरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मला घास उतरत नाही, हे तुम्ही जाणताच. लांबी, वेग, तोफा, तीन मोहिमा, वादळात वाचवलेली एकोणीस माणसं, सगळं दोनदा ताडून उतरवलं.

मग ही ओळ आली: ‘बॉयलरवरील खलाशाच्या हलगर्जीपणामुळे आग; त्यात त्याचा मृत्यू.’

बाबांचं नावसुद्धा नाही.

तुम्ही लिहिलं होतंत, ‘दिलंय तेवढं उतरव, नसती उठाठेव नको.’ मी केली. नकाशे काढले. मूळ आराखड्यात तेल बंद करायचं चाक बॉयलरखोलीच्या दाराच्या उजव्या हाताला आहे. पुढे एक जास्तीची तोफ बसवायची ठरली, दारूगोळा वर नेणारा पाळणा नेमका तिथून काढला, आणि चाक डावीकडे आत गेलं. दुरुस्ती क्रमांक तीन. पण दाराजवळचा पितळी फलक बदलायचा राहिला. तो अजून तिथेच आहे, काका. मी खाली उतरून पाहिला. ‘चाक उजवीकडे’ म्हणतो. डोळे मिटून चाललो. चाक डावीकडे, अकरा पावलांवर. तीनदा मोजलं.

बाबा धुरात उजवीकडेच सापडले होते ना?

साहेब म्हणाले, “अरे, जहाज चाललंय भंगारात, आणि तू गाडलेली मढी काय उकरतोस?”

“साहेब, मढं माझ्या घरचं आहे.”

त्यांनी नकाशा जवळ ओढून पाहिला. मग म्हणाले, “दुरुस्ती ज्यानं काढली त्याची सही आण. छापतो.”

त्या दुरुस्तीखाली सही कुणाची, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. ते लिहायला इतका कागद खर्ची पडला. तुम्ही तेव्हा गोदीत नकाशे काढायचात; फलक बदलायचा कागद पुढे पाठवायचा तुमच्याकडून राहिला. चूक कुणाचीही होते, ती मी पोटात घालेन. पण बावीस वर्षं आमच्याच घरात बसून, आईच्या हातचा चहा पीत, ‘दादा पहिल्यापासून जरा वेंधळाच’ म्हणालात, ते नाही.

तुम्ही मला वाढवलंत. ते विसरलो नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहितो आहे.

नवी ओळ सोबत जोडली आहे. त्यात बाबांचं पूर्ण नाव आहे. खाली तुमच्या सहीपुरती जागा सोडली आहे. गुरुवारपर्यंत ती भरली नाही, तर फलक उखडून नकाशासकट साहेबांच्या टेबलावर ठेवीन. मग नोकरी राहो की जावो. ‘हलगर्जीपणा’ हा शब्द माझ्या हातून उतरणार नाही.

आईला काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही येऊन सांगायचं.

तुम्हीच हात धरून लिहायला शिकवलेला,
तुमच्या दादाचा मुलगा