चाळीसच्या चाळीस केशरी

प्रिय तेरू,

साप्पोरोत अजून बर्फ आहे म्हणे. इथे फुकुरोईत काचघरात घाम फुटतोय, आणि मला सकाळपासून एका जागी बसवत नाही. तीनदा चहा केला, तीनदा निवला. बाबा ठीक आहेत. अठ्ठ्याहत्तरी उलटली तरी मी खरबुजाचं फूल हाती घेतलं की मागे येऊन उभे राहतात आणि ‘हळू, यासुए, भांडी घासत नाहीयेस’ असं ऐकवतात.

तो वसंत तू विसरला नसशील. तुझी बेसबॉलची मॅच होती, म्हणून तुझ्या ओळीतली फुलं मी हाताने पराग लावून फळवली आणि माशी शिरू नये म्हणून पाकळ्या मिटून बांधल्या, त्याही बाबांना कळू नये म्हणून तुझ्याच निळ्या दोऱ्याने. माझा लाल, तुझा निळा, बाबांचा पांढरा. त्यातलंच एक सुरेख फळ बाबांनी बियाण्याला ठेवलं, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जिवापाड जपलेल्या हिरव्या गराच्या वाणात केशरी गर निघाला. बाबांनी तीन फळं कापली, बाकीची खड्ड्यात लोटली. बियाण्याच्या फळाचा दोरा निळा होता, म्हणजे तेरूनेच फूल उघडं टाकलं, मधमाशी शिरली. ज्याला एक फूल झाकता येत नाही त्याने माझ्या काचघरात पाऊल टाकू नये, म्हणाले. तू माझं नाव घेतलं नाहीस. पिशवी भरलीस आणि गेलास. जुनं बी थोडं शिल्लक होतं म्हणून वाण वाचला, पण तुला जाऊन अकरा वर्षं झाली.

मी त्या खड्ड्यापाशी बसून उरलेली सदतीसही कापली होती. सगळी केशरी. केशरी गुण दांडगा, पहिल्या पिढीत हिरव्याला तोंड वर काढू देत नाही. पण माशी थोडा इकडचा, थोडा तिकडचा पराग सांडून जाते. काही फळं तरी हिरवी निघाली असती. चाळीसच्या चाळीस केशरी म्हणजे फुलाला एकाच नरफुलाचा पराग लागला, माणसाच्या हाताचं काम. हिरव्या वाणाच्या आणि शेजारच्या केशरी वाणाच्या, दोन्ही काचघरांतली नरफुलं मी घाईत एकाच ताटलीत घेतली होती, आणि दिसायला ती सारखीच पिवळी. मला तेव्हाच कळलं होतं, तेरू. मी भित्री. माफ कर म्हणायचीही लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात बाबा बियाण्याचा डबा माझ्या हाती देणार होते. तो मला घेववेना. आज न्याहारीला सगळं सांगून टाकलं. त्यांनी वाडगा खाली ठेवला, ‘चाळीसच्या चाळीस केशरी होती?’ एवढंच विचारलं आणि उठून गेले. तेव्हापासून काचघरात बसून दोऱ्याचे वीत-वीत तुकडे कापताहेत, जेवायलाही आले नाहीत. फुलं गुरुवारी उमलतील. मी आत्ताच डोकावून आले. दोरा निळा आहे.

तुझीच बहीण,
यासुए